जुन्या डिस्कवरचे हटवादी बिऱ्हाड

माळा आवरायला काढला की एक तरी ट्रंक अशी निघतेच, जिची किल्ली कुणाजवळ आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसते. उघडता येत नाही म्हणून टाकवत नाही, आणि टाकवत नाही म्हणून दर वर्षी वरची धूळ तेवढी पुसून ती पुन्हा जागच्या जागी जाते. मैत्रिणींनो, अशीच एक ट्रंक हल्ली पुष्कळ घरांतल्या संगणकाच्या पोटात येऊन बसली आहे. तिच्याबद्दलच आज थोडे सांगायचे आहे.

झाले असे, की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. पुष्कळ जुन्या संगणकांना विंडोज ११ चालत नाही. मग नवा संगणक आला. जुना मोडीत निघाला, पण त्यातली डिस्क ठणठणीत! ती टाकायची कशी? घरातल्या मुलाने किंवा दुरुस्तीवाल्याने ती काढून नव्या संगणकात दुसरी डिस्क म्हणून बसवली, नाहीतर यूएसबीच्या डबीत घालून हातात दिली. "काकू, पाचशे जीबी जागा फुकटात मिळाली बघा!" आपणही खूश. काटकसर कुणाला आवडत नाही?

आता हौसेने डी ड्राइव्ह उघडावा, तर आत आधीच कुणाचे तरी बिऱ्हाड मांडलेले. विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स, तिचीच जुळी बहीण प्रोग्रॅम फाइल्स एक्स ८६, प्रोग्रॅम डेटा, यूजर्स, पर्फलॉग्ज. एकट्या विंडोजने वीस-पंचवीस जीबी जागा सहज अडवलेली असते. आपले विंडोज तर सी ड्राइव्हवर सुखाने चालू आहे, मग हे दुसरे कशाला? म्हणून आपण ते निवडतो, डिलीट दाबतो, आणि समोर पाटी येते, की या फोल्डरमध्ये बदल करायला तुम्हाला ट्रस्टेड इन्स्टॉलरची परवानगी हवी.

"कोण हा मेला ट्रस्टेड इन्स्टॉलर? आणि माझ्याच घरात मला परवानगी देणारा हा कोण?" हे उद्गार आमच्या वन्संचे. त्यांची गोष्ट पुढे येणारच आहे, पण आधी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर.

हा ट्रस्टेड इन्स्टॉलर म्हणजे विंडोजने ठेवलेला घरचा कारभारी. २००७ साली व्हिस्टा नावाचे विंडोज बाजारात आले, तेव्हापासून तो आहे. संगणक ज्यांच्यावर चालतो त्या फायली कुणी चुकून पुसू नयेत, एखाद्या लबाड प्रोग्रॅमने त्यात फेरफार करू नये, म्हणून त्या फायलींची मालकी घरच्या मालकिणीच्या नावावर न ठेवता या कारभाऱ्याच्या नावावर ठेवली जाते. संगणकाच्या भाषेत आपण अॅडमिनिस्ट्रेटर असलो, तरी या फायली आपल्याला वाचता येतात, पुसता येत नाहीत. सी ड्राइव्हवर हे अगदी योग्य आहे. तिथे त्याच्याशी भांडायला कधीही जाऊ नका.

घोटाळा होतो तो डिस्क हलवल्यावर. ही मालकीची आणि परवानगीची नोंद संगणकात नसते, त्या डिस्कवरच प्रत्येक फायलीबरोबर लिहिलेली असते. डिस्क उचलून दुसऱ्या संगणकात नेली तरी नोंद तिच्याबरोबरच जाते. म्हणजे बघा, वाडा सोडून भाडेकरू गेला, पण त्याने लावलेले कुलूप दाराला तसेच लटकत राहिले. जुन्या संगणकावर तुमचे जे खाते होते, त्याला आत एक लांबलचक क्रमांक असतो. नव्या संगणकावर तुम्ही त्याच नावाने खाते उघडले तरी हा क्रमांक वेगळा पडतो. म्हणून परवानगीच्या यादीत तुमच्या नावाऐवजी "अकाउंट अननोन" आणि पुढे आकड्यांची आगगाडी दिसते. तुमचीच जुनी ओळख तुमच्याच नव्या संगणकाला पटत नाही. त्यात तुमचे काही चुकलेले नाही आणि डिस्कही बिघडलेली नाही.

हे कुलूप काढता येते. अगदी रीतसर काढता येते. पण थांबा. कुलूप कसे काढायचे याच्या आधी, कुलूप काढून आतले सगळे फेकायचे का, हे बघायला हवे. आमच्याकडे नेमके हेच उलट्या क्रमाने झाले.

वन्संच्या घरी मामंजींचा जुना संगणक होता. निवृत्त झाल्यावर मामंजी मराठी टायपिंग शिकले आणि रोज दोन तास बसून त्यांनी आमच्या घराण्याची हकीगत लिहिली. कोकणातून घाटावर कोण कधी आले, कुणाचे लग्न कुठे झाले, प्लेगच्या साथीत कोण गेले, एका काकूंनी शिवणाच्या यंत्रावर तीन मुले कशी शिकवली. दीडशेच्या वर पाने. मामंजी गेले, पाने संगणकात राहिली. २०२५ च्या दिवाळीत आमचे चिरंजीव आत्याकडे गेले होते. नवा संगणक आला होताच, त्यात त्यांनी जुनी डिस्क बसवून दिली. आजोबांची फाइल सी ड्राइव्हवर नीट उतरवून घेतली, फोटो उतरवले. आणि मग, "आत्या, आता हा कचरा साफ करून देतो," म्हणून काळ्या खिडकीत दोन-चार आज्ञा टंकल्या आणि जुना विंडोज फोल्डर मुळासकट उपटून टाकला. पोराने मदतच केली हो. कुणाला काय कल्पना?

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी रात्री दहाला वन्संचा फोन. रडवेला आवाज. "वहिनी, बाबांचं लिहिणं गेलं गं. फाइल उघडतेय, पण आत सगळी इंग्रजी अक्षरं, टिंबं नि कंस. उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसतंय."

फाइल गेली नव्हती. गेला होता तो टंक, म्हणजे फाँट. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंक निराळ्या तऱ्हेने बनत. आपल्याला पडद्यावर "क" दिसे, पण फायलीत साठवलेले असे एखादे इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह. त्या अक्षराच्या जागी "क" चे चित्र दाखवायचे काम टंक करी. श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव असे कितीतरी टंक त्या काळी चालत, आणि एकाची मांडणी दुसऱ्याशी जुळत नसे. टंक नसला की आतली खरी इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. आणि हा टंक राहतो कुठे? जुन्या विंडोज फोल्डरच्या पोटातल्या "फाँट्स" या फोल्डरमध्ये. म्हणजे ज्याला आपण कचरा म्हणून फेकले, त्यातच लिखाणाची किल्ली होती.

आज्ञा देऊन पुसलेले रिसायकल बिनमध्ये जात नाही, त्यामुळे तिथून परत आणायचा प्रश्नच नव्हता. पण दैव बलवत्तर. वर्डच्या वरच्या पट्टीत टंकाचे नाव तेवढे दिसत होते, आणि मामंजींनी सुरुवातीची काही पाने ज्या डीटीपीवाल्याकडून छापून घेतली होती, त्याच्याकडे तो टंक निघाला. त्याने तो नव्या संगणकात घालून दिला, मजकूर युनिकोडमध्येही बदलून दिला. बदलताना रफार आणि जोडाक्षरे जागोजागी सुटली आहेत, ती वन्सं अजून एकेक पान घेऊन दुरुस्त करीत बसल्या आहेत.

तेव्हा बायांनो, पुसण्याच्या आधी हे बघा.

पहिले म्हणजे "यूजर्स" फोल्डर. हे जुन्या घरातल्या माणसांचे सामान. त्यात जुन्या खात्याच्या नावाचा फोल्डर असतो आणि त्याच्या आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स. उघडायला गेलात तर "परवानगी नाही" असे म्हणून खाली "कंटिन्यू" विचारील. तेवढे दाबा आणि धीर धरा. फायली पुष्कळ असल्या की हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकते. शेवटी दार उघडते. डेस्कटॉप हटकून बघा. आपण बायका संगणकाच्या डेस्कटॉपवर सगळे टाकतो, जसे फ्रिजच्या डोक्यावर लाइटबिलापासून सुईदोऱ्यापर्यंत सगळे असते.

दुसरे, त्याच खात्याच्या पोटात "अॅपडेटा" नावाचा लपलेला फोल्डर असतो. व्ह्यूमध्ये जाऊन "हिडन आयटम्स" वर खूण केली की तो दिसू लागतो. टपाल वाचण्याचे प्रोग्रॅम, ब्राउझरमधल्या खुणा, असल्या गोष्टी तिथे असतात. सोसायटीचे किंवा घरगुती धंद्याचे हिशेब कुणी त्या संगणकावर ठेवीत असेल तर तो डेटा कधी यूजर्समधल्या "पब्लिक" फोल्डरमध्ये, कधी थेट प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये असतो. ज्याने हिशेब लिहिले त्याला विचारा. अंदाजाने फेकू नका.

तिसरे, आत्ता सांगितलेला "फाँट्स" फोल्डर. घरात २०१० च्या आसपासचे किंवा त्याआधीचे मराठी लिखाण असेल, मग ते आजीच्या पाककृती असोत, शाळेच्या स्नेहसंमेलनातले नाटक असो की महिला मंडळाचा अहवाल असो, हा फोल्डर आहे तसा दुसरीकडे उतरवून ठेवा. जागा फारशी खात नाही. आणि नुसता उतरवून थांबू नका. त्यातला हवा तो टंक नव्या संगणकात घालून, फाइल उघडून, मराठी अक्षरे डोळ्यांनी बघा.

उतरवायचे कुठे? त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या कोपऱ्यात नव्हे. सी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर. आणि उतरवल्यावर चार फोटो, दोन फायली उघडून बघायच्या. भात शिजला की नाही हे शिताने कळते, पण एका शिताने नव्हे.

आता दुसरी परीक्षा. संगणक सुरू होताना जी पहिली चिमुकली व्यवस्था लागते, ती कधी कधी नव्या डिस्कवर नसते, जुन्या डिस्कवरच राहिलेली असते. जुनी डिस्क आत असतानाच कुणी नव्या डिस्कवर विंडोज घातले असेल तर असे होऊ शकते. वरून काही कळत नाही. आपण जुनी डिस्क पुसतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरूच होत नाही! यावर सोपा उपाय असा: संगणक नीट बंद करावा, भिंतीतली पिन काढावी, जुन्या डिस्कची जोडणी सोडवावी आणि मग संगणक सुरू करून बघावा. जुन्या डिस्कवाचून तो सुरू झाला तर निर्धास्त व्हा. नाही झाला तर ती डिस्क आहे तशी परत लावा आणि जाणकाराला बोलवा, तोवर काही पुसू नका. पेटी उघडायची भीती वाटत असेल तर हे एवढे काम दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यायला लाजू नये. डिस्क यूएसबीच्या डबीत असेल तर प्रश्नच नाही, वायर काढून बघितली की झाले.

आणखी एक बारीकशी युक्ती. लोणच्याच्या आणि तिखटाच्या बरणीवर आपण चिठ्ठी लावतो ना? तशी ड्राइव्हलाही लावता येते. ड्राइव्हवर उजवी कळ दाबून "रिनेम" घ्यावे आणि डी ला "जुनी डिस्क" असे नाव द्यावे. सी आणि डी ही अक्षरे घाईत सारखीच वाटतात. "जुनी डिस्क" आणि आपली रोजची डिस्क यांत गल्लत होत नाही.

एवढे झाले की मग माझे स्पष्ट मत ऐका. एकेका फोल्डरशी झटापट करूच नका. हवे ते सगळे बाहेर काढले ना? मग डिस्क सरळ फॉरमॅट करा. ‘धिस पीसी’मध्ये जुन्या डिस्कवर उजवी कळ, "फॉरमॅट", एनटीएफएस, "क्विक फॉरमॅट" वर खूण, "स्टार्ट". मिनिटभराचे काम. कुलपे, मालकी, परवानग्या, ट्रस्टेड इन्स्टॉलर, सगळे एका झटक्यात जाते, कारण ती नोंदवहीच नवी होते. घरातली जाणती मुले तासन्‌तास एकेक फोल्डर कुरतडत बसतात, त्यांना त्यात मौज वाटत असेल. आपल्याला संध्याकाळचा स्वयंपाक असतो.

फक्त एक ध्यानात असू द्या. झटपट फॉरमॅटने नोंदवही नवी होते, आतला मजकूर खरोखर पुसला जात नाही. जाणकार माणूस तो परत काढू शकतो. डिस्क घरातच वापरायची असेल तर हरकत नाही. पण विकायची, कुणाला द्यायची किंवा भंगारात घालायची असेल, आणि तिच्यावर पॅनकार्ड, बँकेची कागदपत्रे असली काही असतील, तर "क्विक" ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. त्याला काही तास लागतात. रात्री लावून झोपावे.

तुम्ही म्हणाल, "बाई, सांगायला सोपं आहे. त्याच डिस्कवर लेकीच्या लग्नाचे व्हिडिओ नि आठशे जीबी सामान आहे, ते उतरवू कुठे?" खरे आहे. अशा वेळी मात्र ते हटवादी फोल्डर तेवढे काढावे लागतात. त्याची रीत सांगते. यात दोन पायऱ्या आहेत आणि बहुतेक जण पहिलीवरच थांबतात, म्हणून त्यांचे काम होत नाही. आधी मालकी बदलायची, मग परवानगी द्यायची. जमिनीच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढले म्हणजे खोलीची किल्ली हातात आली असे होत नाही ना, तसेच हे.

सराव म्हणून आधी "पर्फलॉग्ज" घ्या. तो बहुधा रिकामाच असतो. धिरड्याचे पीठ जमले का ते बघायला तव्यावर आधी छोटेसे घालून बघतो, तसे. त्या फोल्डरवर उजवी कळ दाबून "प्रॉपर्टीज" उघडा. वरच्या ओळीत "सिक्युरिटी", त्याच्या खाली "अॅडव्हान्स्ड". नवी खिडकी उघडेल, तिच्यात अगदी वर "ओनर" म्हणून मालकाचे नाव दिसेल, शेजारी "चेंज". ते दाबून रिकाम्या चौकटीत इंग्रजीत "अॅडमिनिस्ट्रेटर्स" असे लिहा. शेवटचा अनेकवचनी "एस" विसरू नका. "चेक नेम्स" दाबले की नावाखाली रेघ येते, म्हणजे संगणकाला नाव पटले. "ओके". आता मालकाच्या नावाखाली एक छोटी चौकट नव्याने दिसू लागेल, आतल्या सगळ्या फोल्डरांची नि फायलींचीही मालकी बदलायची का, असे विचारणारी. तिच्यावर खूण हवीच. ती राहिली तर वाड्याचे दार तुमचे आणि खोल्या दुसऱ्याच्या, अशी गत होते. "अप्लाय", "ओके", आणि सगळ्या खिडक्या बंद करा.

बंद करून पुन्हा उघडायच्या, हे मुद्दाम सांगते. पुन्हा प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड. या खेपेस "अॅड", मग "सिलेक्ट अ प्रिन्सिपल", पुन्हा तेच "अॅडमिनिस्ट्रेटर्स", आणि खाली "फुल कंट्रोल" वर खूण. बाहेर आल्यावर तळाशी "रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट" अशा शब्दांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्यापुढेही खूण करा. म्हणजे तुमची परवानगी आतपर्यंत झिरपते. "अप्लाय" म्हणा. आता फोल्डर पुसता येईल.

पर्फलॉग्ज गेला की हीच रीत प्रोग्रॅम फाइल्सना, प्रोग्रॅम डेटाला आणि शेवटी विंडोजला लावायची. विंडोजला वेळ लागतो. आत फायली लाखाच्या घरात असतात आणि प्रत्येकीवर नवे नाव लिहिले जाते. खिडकी अडकली असे समजून मध्येच बंद करू नका, तेवढ्यात कुकरच्या तीन शिट्ट्या करून या. पुसताना शिफ्ट धरून डिलीट दाबले तर सामान रिसायकल बिनमध्ये न साठता सरळ जाते. अर्थात ते परतही येत नाही, म्हणून शिफ्टवर बोट ठेवण्याआधी वरच्या पट्टीत डी आहे ना, हे मोठ्याने वाचा. हसू नका, मी वाचते.

हेच काम दोन आज्ञा टंकूनही होते. "टेकओन" मालकी बदलते, "आयकॅकल्स" परवानगी देते. जाणती माणसे तेच करतात. पण तिथे डी च्या जागी चुकून सी पडला तर "खात्री आहे ना?" असे विचारायला कुणी नसते. म्हणून मी तरी या वाटेला जात नाही.

प्रोग्रॅम फाइल्स पुसताना एक विचार करा, ती खरोखर जुनीच आहे ना? काही घरांत नव्या संगणकावरचे खेळ किंवा मोठे प्रोग्रॅम जागा वाचावी म्हणून डी वर घातलेले असतात. तो जिवंत संसार आहे, उठवू नका. त्याचप्रमाणे डी वर "विंडोजअॅप्स" आणि "डब्ल्यूपी सिस्टम" असे फोल्डर दिसले तर कुणीतरी सेटिंग्जमध्ये जाऊन नवे अॅप डी वर ठेवायला सांगितलेले असते. आधी ती निवड परत सी वर आणा, तिथे गेलेली अॅप हलवा, मगच मागे उरलेल्या फोल्डरांना हात लावा. नाहीतर आज पुसाल, उद्या पुन्हा हजर.

"डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज" नावाचा एक फोल्डर दिसेल, लपलेले सगळे दाखवायला सांगितले असेल तर. हा फोल्डर नव्हेच, ही नुसती पाटी. जुन्या प्रोग्रॅमना वाट दाखवण्यासाठी ठेवलेली. आणि तिच्यावरचा बाण "सी ड्राइव्हवरचे यूजर्स" असा असतो. जुन्या संगणकात तो जुन्या घराकडे होता, आता डिस्क हलवल्यामुळे तो तुमच्या चालू घराकडे वळला! या पाटीची मालकी, परवानगी काही बदलत बसू नका. जुन्या डिस्कवर असे लपलेले पुष्कळ बाण असतात. डिस्क फॉरमॅट करा असे मी वर म्हटले, त्याचे हेही एक कारण.

कधी पुसताना "नाव फार लांब आहे" अशी कुरबुर येते. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असा सगळा पत्ता २६० अक्षरांच्या आसपास गेला की विंडोजची जीभ अडखळते. अशा वेळी वरच्या फोल्डरांची नावे "क", "ख" अशी एकाक्षरी करून टाकावीत, पत्ता आखूड होतो आणि काम पुढे सरकते. "फाइल वापरात आहे" असे आले तर संगणक एकदा बंद करून सुरू करावा नि पुन्हा प्रयत्न करावा. "पेजफाइल" तरीही हटत नसेल तर ती जुनी नसून तुमचे आजचेच विंडोज जादा स्मृती म्हणून तिथली जागा वापरीत आहे, असे समजावे. राहू द्यावी.

इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांची खिचडी झालेली लांबट नावे असलेले फोल्डरही काही डिस्कांवर सापडतात. बघून धसका बसतो, व्हायरस की काय! बहुतेक वेळा ते एखाद्या अपडेटने काम करताना पसरलेले नि आवरायला विसरलेले सामान असते. ज्या ड्राइव्हवर जागा जास्त मोकळी, तिथे ते पसरते, म्हणून दुसऱ्या डिस्कवरच अधिक सापडते. आत डोकावून आपली फाइल नाही एवढे बघा, चालू असलेले अपडेट संपू द्या आणि खुशाल पुसा.

जुनी डिस्क लावल्यावर ती उघडायलाच ४८ आकडी किल्ली मागत असेल, तर मात्र वरच्या रीतीने आतले सामान बाहेर काढता येणार नाही. ते बिटलॉकरचे कुलूप आहे आणि त्याला मालकी बदलण्याची युक्ती लागू पडत नाही. जुन्या संगणकावर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने तुम्ही आत जात होता, त्या खात्यात ही किल्ली बहुधा जपून ठेवलेली सापडते. म्हणून सांगते, जुना संगणक मोडीत देण्यापूर्वीच तो एकदा सुरू करून सामान उतरवून घ्यावे. तोवर तो चालतो आहे तर कुलपाचा प्रश्नच येत नाही.

राहता राहिले दोन चिवट पाहुणे. "सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन" आणि नावापुढे डॉलरचे चिन्ह असलेले "रिसायकल बिन". डिस्क फॉरमॅट केली तरी हे पुन्हा दिसतील, आणि तुम्हाला वाटेल की आपले काहीतरी राहून गेले. काही राहिलेले नाही. पहिल्यात विंडोज आपली टिपणे ठेवते, दुसरी त्या ड्राइव्हची कचऱ्याची टोपली. तुमच्या आजच्याच विंडोजने ते नव्याने मांडलेले आहेत. काढलेत तर पुन्हा मांडील. डोळ्यांना खुपत असतील तर व्ह्यूच्या ऑप्शन्समध्ये जाऊन लपवण्याची खूण पुन्हा करून टाका, म्हणजे दिसायचे नाहीत. वन्संनी तसेच केले आहे. त्यांच्या जुन्या डिस्कवर आता दोनच फोल्डर दिसतात. एकाचे नाव "फोटो" आणि दुसऱ्याचे "बाबा". त्या दुसऱ्यात हकीगतीची फाइल आहे, आणि तिच्या शेजारी तो टंक.